दोन्ही हात मोकळे

वाखोने नुगझारच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं तेव्हा आतलं कापड ओलं लागलं. दुसऱ्या कुणाचा तरी घाम होता.

"आत्ताच वरच्या गावात जुम्बेरला घातलं होतं," वाखो म्हणाला. "पण त्याचा फोटो काही उपयोगाचा नाही. हसला की पुढचे दात नाहीत."

वाखो फर झाडांचे शंकू, म्हणजे बियांची बोंडं, विकत घेणाऱ्या कंपनीचा माणूस. दर सप्टेंबरला शहरातून गाडी घेऊन राचा नावाच्या या डोंगराळ मुलखात यायचा. इथल्या फरचं बी परदेशी जायचं, तिकडच्या शेतांत रुजायचं आणि नाताळचं झाड म्हणून घरोघरी उभं राहायचं. या वर्षी त्याने गाडीतून कमरेला बांधायचा एक केशरी पट्टा, हेल्मेट आणि कोरा दोर आणला होता.

"तिकडच्या लोकांना बघायचं असतं, काका, की शंकू काढणारा माणूस सुखरूप आहे. नाहीतर झाड घरात आणताना त्यांच्या मनाला टोचतं."

"आमच्या नाही टोचत," नुगझारची बायको त्सिआला म्हणाली. ती झाडाखाली पोती मांडून बसली होती.

फरचे शंकू म्हणजे अडेलतट्टू जात. इतर झाडांचे लोंबतात, गळतात, खाली बसून वेचता येतात. हे अगदी शेंड्याच्या फांद्यांवर आभाळाकडे तोंड करून उभे. पिकले तरी पडत नाहीत. जागच्या जागी खवला न् खवला सुटतो, बी वाऱ्यावर जातं आणि मागे नुसती काडी उरते. म्हणून ते पिकायच्या आत माणसानेच वर जायचं, खोड मनगटाएवढं होतं तिथपर्यंत. नुगझार तेहतीस वर्षं जात होता. डावा हात खोडाला मिठी मारायला, उजवा शंकू तोडायला.

तो वर पोचला. वाखोने शिकवल्याप्रमाणे त्याने दोर खोडाभोवती घेऊन कडी अडकवली.

"आता मागे रेला," खालून आवाज आला. "दोन्ही हात सोडा. आणि जरा हसा."

नुगझारने आधी एक हात सोडला. मग दुसरा. पट्ट्याने त्याचं वजन कमरेवर अलगद तोलून धरलं. झाड डुललं, तोही त्याच्याबरोबर डुलला. त्याने दोन्ही हातांनी शंकू तोडायला सुरुवात केली. अर्ध्या तासाचं काम एवढ्याशा वेळात होत होतं. मग त्याने मान वर केली. समोर शिखरांवर पहिला बर्फ पडला होता. इतकी वर्षं इथे येऊन त्याने नाकासमोरच्या खोडाखेरीज काही पाहिलं नव्हतं. आपण खरोखरच हसतोय हे त्याला उशिरा कळलं.

"मस्त. झालं. उतरा," वाखो ओरडला.

"एवढं झाड संपवून येतो."

"नको, अजून तीन गावं राहिलीत. पट्टा एकच आहे."

चेहऱ्यावरचं हसू नुगझारला कुठे ठेवावं कळेना. घास खाताना त्यात माशी निघावी तसं झालं.

खाली आल्यावर वाखोने त्याच्या कमरेचा पट्टा स्वतःच सोडवला. खिशातून ओला, सुगंधी कागद काढून दोन बोटांत धरला आणि पट्ट्यावरचा झाडाचा चीक पुसू लागला. "किती घाण लावलीत, काका." मग गाडीच्या टपावर एक छापील कागद पसरला. "इथे सही. पट्टा, हेल्मेट, दोर मिळाला म्हणून."

"मिळाला कुठे?"

"घातला होतात ना आत्ता?"

"माझ्या लग्नात मी शेजारणीची कर्णफुलं घातली होती," त्सिआला म्हणाली. "ती माझी झाली होय रे?"

वाखो मनापासून हसला. "काकू, बोलण्यात तुमचा हात कोण धरणार. पण सही नसेल तर कंपनी या घरचे शंकू घेणार नाही. माझ्या हातात काही नाही."

नुगझारने बुंध्याला टेकलेल्या सहा भरलेल्या पोत्यांकडे पाहिलं. मग सही केली. चिकाने पेन बोटांना असं चिकटलं की सुटेना. ते पाहून वाखोने तोंड वाकडं केलं.

"असू दे," तो म्हणाला. "पेन ठेवा तुम्हाला."

पोती भरून गाडी गेली. नुगझारने पेन बोटांवरून ओरबाडून गवतात फेकलं, रिकामं पोतं खांद्यावर टाकलं आणि पुन्हा त्याच झाडावर चढला. कपाळाला अजून जुम्बेरच्या घामाचा वास येत होता.

निम्म्यावर तो थांबला. वरची फांदी हाताशी होती, रोजचीच. पण उजवा हात खोड सोडेना. पाठ आपोआप मागे रेलायला बघत होती आणि मागे काही नव्हतं. तेहतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. खोडाला गाल लावून तो बराच वेळ तसाच राहिला. भीती वाटली त्याहून जास्त किळस आली. सहीची, आणि त्या फोटोत आपण खरंच हसलो होतो याची.

तो इंच इंच खाली उतरला. त्सिआला उठून उभी राहिली होती.

"वरचे राहिले?"

"राहिले."

"मग?"

"फुटू देत तिथंच. झाडाचं बी आहे, झाड बघेल."

रिकाम्या पोत्याची घडी घालून त्सिआलाने ती काखेत मारली आणि घराच्या वाटेला लागली. त्याच्या पुढे, जराशी घाईने. त्याचा विचार बदलायच्या आत.