पायरीवरचा बूट

“इथं, या पायरीवर सापडला तो बूट,” वाटाड्या म्हणाला, आणि सगळी मंडळी एकदम खाली वाकली.

दर वेळी वाकत. पायरीवर दगडाशिवाय काही नसे, तरी वाकत. वाटाड्याला त्याची मोठी गंमत वाटे.

बाजाराला आग लागली तेव्हा लोक जीव मुठीत धरून या घड्याळाच्या मनोऱ्यात शिरले आणि जिन्यावर चेंगरून मेले, ही हकीकत खरी होती. दाराशी दगडावर कोरलेली होती. पण कोरलेल्या अक्षरांसाठी कोण रडतंय? आगीचं साल सांगितलं की लोक जांभया देत. नुकत्याच चालू लागलेल्या पोराचा लाल बूट सांगितला की रुमाल शोधू लागत.

तो बूट मात्र वाटाड्याच्या डोक्यातला. शहर पायी हिंडवणाऱ्यांची ही जुनी रीत. प्रत्येकानं आपल्या गोष्टीत एक चिमूट पदरचं घालायचं. त्याला ते आपसात ‘मीठ’ म्हणत. कुणी गोष्ट उचलली की मिठावरून चोर सापडायचा. पलीकडच्या चौकातला छत्रीवाला वाटाड्या हल्ली सर्रास लाल बूट सांगू लागला होता. चोर लेकाचा! बाकीच्यांना मीठ शोधताना डोकं खाजवावं लागे. याला तो बूट दाढी करता करता सुचला होता, रंगासकट.

“सावकाश उतरा हं. घाई कुणाला आहे? तुमचा वाटाड्याच लंगडा आहे.”

मंडळी हसली. लहानपणी उजव्या पायावर उकळतं पाणी सांडून त्याची बोटं आखडली होती. लंगड्यानं लोकांना चालवावं, हा विनोद तो स्वतःच आधी उरकून टाकी, म्हणजे दुसऱ्याला संधी उरत नसे.

सगळे पांगू लागले. करड्या कोटातली एक म्हातारी पायरीपाशीच उभी राहिली. पिशवी तिनं छातीशी धरली होती.

“तो बूट कुणाला सापडला हो?”

“असेल कुणीतरी, काकू. जुनी गोष्ट आहे.”

“नाव नाही कळणार? मला त्या माणसाला भेटायचंय. भाचीनं तुमची गोष्ट ऐकली, म्हणून एवढ्या लांबून आले.” तिनं पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. “याच्याच जोडीचा असणार तो.”

तळहातात मावेल एवढा लाल बूट. रंग विटलेला. पट्ट्याला मोठ्या माणसाच्या कोटाचं काळं बटण.

“माझ्या पोराच्या बापाच्या कोटाची बटणं. दोन्ही बुटांना मीच लावली होती. गर्दीत पोरगं ओढलं गेलं, हातात हा एवढा राहिला. मग कितीतरी महिने मी इस्पितळात. सगळे म्हणाले, गेला. पण मला दाखवला नाही हो कुणी. ज्याला बूट सापडला, त्यानं पोरालाही पाहिलं असेल ना?”

वाटाड्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे काम छत्रीवाल्याचंच. आधी गोष्ट चोरायची, वर ती खरी करायला म्हातारी भाड्यानं आणायची. चोर तो चोर, वर शिरजोर! गेलेल्यांपैकी काही जण मागे फिरले होते. एकानं तर फोनही वर धरला होता.

“नाटक झकास बसवलंय, काकू,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “पण पाठवणाऱ्यानं तुम्हाला एक सांगितलं नाही. बूट नव्हताच! मी रचलाय तो. जे नव्हतंच, त्याची जोडी कुठून पैदा केलीत?”

म्हातारी एक पाऊल जवळ आली.

“म्हणजे कुणाला काहीच सापडलं नाही?”

“काही नाही.”

“मग लाल कसा रचलात?”

“डोकं लागतं त्याला.”

कुणीतरी फिदीफिदी हसलं. म्हातारीनं वाकून बूट पायरीवर ठेवला, नीट, कडेला. “मग आता हा तरी सांभाळून काय करू,” ती म्हणाली आणि बसथांब्याकडे चालू लागली. तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही. कुठल्या गावची, हेही कुणी विचारलं नाही.

वाटाड्यानं तिच्या पाठीकडे एकदा पाहिलं. मग छत्रीवाल्याचं पडलेलं तोंड डोळ्यांपुढे आलं आणि त्याला बरं वाटलं. बूट त्यानं खिशात टाकला. पुढच्या खेपेला लोकांना दाखवायला बरा.

घरी मावशी खिडकीशी वाटाणे सोलत बसली होती. तिनंच त्याला वाढवलेलं, याच मनोऱ्यामागच्या गल्लीत. गावभर त्याची गोष्ट गाजली, पण मावशीनं ती कधी ऐकून घेतली नाही. आगीचं नाव काढलं की अंगावर काटा येतो म्हणायची आणि उठून जायची. आताशा तिला सकाळचं संध्याकाळी आठवत नसे. जुनं मात्र लख्ख आठवे. डोळेही अधू झाले होते.

“मावशी, तुझ्यासाठी गंमत आणलीय. ओळख बघू!”

त्यानं बूट तिच्या हातात ठेवला. मावशीनं हसत हसत तो चाचपला. टाच, पट्टा, मग बटण. बटणावर तिची बोटं थांबली. मांडीवरचं ताट कलंडलं, वाटाणे घरभर घरंगळले, तरी तिचं लक्ष गेलं नाही.

“हा कुठून आला रे?” ती म्हणाली. “हा तर मी त्याच रात्री तुझ्या पायातून काढून चुलीत घातला होता.”