राहिलेली दोन प्रकरणं

“नुसतं ‘सुनेत्रा’?” दत्तात्रेयांनी पुस्तक हातभर लांब धरलं. “बाईंचं आडनाव कुठाय? आडनाव नसलेल्या माणसाचं काय वाचायचं?”

“आत मजकूर आहे,” प्रेमला म्हणाली. “तो वाचायचा.”

गुजरातमधल्या तरसालीच्या त्या घरात रोज संध्याकाळी साडेसातला अर्धा तास मोठ्यानं वाचन होई. नातीचं मराठी बिघडू नये म्हणून. रसिका शाळेत इंग्रजी, रिक्षात हिंदी आणि मैत्रिणींशी गुजराती बोलायची. मराठीसाठी हा अर्धा तास उरला होता.

पुस्तक दत्तात्रेय निवडत. तसं घरातलं बरंच काही त्यांनीच निवडलं होतं. पडद्यांचा रंग, मुलाची इंजिनिअरिंगची शाखा, लग्नात बायकोचं नवं नाव, दूधवाला. बाजव्याजवळच्या रिफायनरीत चौतीस वर्षं सुरक्षा विभागात काढल्यामुळे धोका त्यांना लांबूनच कळे.

गेल्या तीन वर्षांत प्रेमलानं सुचवलेली अकरा पुस्तकं नापास झाली होती. एक फार दुःखी, एक फार जाड, एकात नायिका नोकरी करत होती. त्याऐवजी घरानं किल्ल्यांवरची दोन आणि मधुमेहावरचं एक अशी पुस्तकं ऐकली. मधुमेहाची पथ्यं रसिकाला तोंडपाठ झाली. ती तेरा वर्षांची होती.

“पप्पा, या वेळी आईंना निवडू द्या ने,” सून कोमल तिच्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाली. “वांधो काय आहे?”

“आणि मला नाही आवडलं तर?”

“तर बंद करा. नियमच आहे तुमचा,” प्रेमला म्हणाली. “पण वाचणार मी.”

हे नवीन होतं. आजवर वाचायचेही दत्तात्रेयच. ते झोपाळ्यावर जाऊन बसले. झोपाळा त्यांचा होता. बाकीचे सतरंजीवर बसत.

कादंबरीत एक अण्णा होते. अण्णा साबणाच्या नव्या वडीवर तारीख कोरत. रोज सकाळी गच्चीवर जाऊन पाण्याची टाकी काठीनं वाजवून बघत. बायको बोलू लागली की रेडिओचा आवाज वाढवत, आणि ती गप्प झाली की विचारत, ‘काही म्हणालीस का?’

कोमलनं ओढणी तोंडावर धरली. रसिकानं न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं. आतल्या साबणावर बारा तारीख होती.

दत्तात्रेय मात्र मांडीवर थाप मारून हसले. “अरे, हा तर आमच्या खात्यातला जयवंतराव! हुबेहूब! बाईंनी बाजव्यात राहून लिहिलंय की काय?”

“असेल,” प्रेमला म्हणाली आणि वाचत राहिली. मध्येच पान उलटायचं राहून गेलं, तरी वाक्य अडलं नाही.

आठ दिवस मजेत गेले. दत्तात्रेय सातपासूनच झोपाळ्यावर येऊन बसत. “चला, आज जयवंतरावाचं काय होतं बघू.”

नवव्या दिवशी अण्णांची बायको अण्णांच्या झोपाळ्यावर जाऊन बसली. अण्णा बाहेरून आले. ती उठली नाही.

दत्तात्रेयांच्या झोपाळ्याच्या कड्या करकरायच्या थांबल्या.

“बंद कर.”

“दोनच प्रकरणं राहिलीत.”

“बंद म्हणतो ना. काहीतरी लिहायचं म्हणून लिहिलंय. कुठलीही बायको असं करत नाही.”

“पण आजोबा, ती नंतर उठते का?” रसिकानं विचारलं.

“उठते,” दत्तात्रेय म्हणाले.

“नाही उठत,” प्रेमला म्हणाली.

“तुला काय माहीत?”

“अंदाज.” तिनं पानात बोट तसंच ठेवलं होतं. “बारावं पुस्तक आहे हे माझं. उरलेली दोन प्रकरणं मी याच घरात वाचणार, मोठ्यानं. कधी, तेवढं सांगा.”

चव्वेचाळीस वर्षांत दत्तात्रेयांकडे कोणी तारीख मागितली नव्हती.

“मी पत्र लिहितो या बाईंना,” ते शेवटी म्हणाले. “त्यांनी उत्तर दिलं, की वाच.”

“शब्द?”

“शब्द.”

दुसऱ्या दिवशी वाचनाच्या वेळेत त्यांनी पत्रच वाचून दाखवलं. ‘श्रीमती सुनेत्रा यांस. आपल्याला संसाराचा काडीचाही अनुभव दिसत नाही. चव्वेचाळीस वर्षांत माझी पत्नी एकदाही अशी वागलेली नाही. ज्यांनी संसार केला नाही त्यांनी त्यावर लिहू नये. हिंमत असेल तर उत्तर द्यावे.’

“कसं आहे?”

“स्पष्ट आहे,” प्रेमला म्हणाली आणि त्यांना डिंकाची बाटली आणून दिली.

पत्ता पुस्तकातच होता, पुण्याच्या प्रकाशकाचा. दत्तात्रेय स्वतः पोस्टात जाऊन पत्र टाकून आले. मग रोज साडेसातला किल्ले सुरू झाले. प्रेमला सतरंजीवर बसून शेंगा सोलायची. पुस्तक तिच्या शेजारी असे, खूण नवव्या प्रकरणात.

सतराव्या दिवशी साडेसातला दत्तात्रेय पाकीट नाचवत बैठकीत आले. पाकीट त्यांचंच होतं, अक्षरही त्यांचंच. पुण्याचा पत्ता लाल शाईनं खोडला होता आणि बाजूला तरसालीचा, याच घराचा पत्ता लिहिला होता. ‘श्रीमती सुनेत्रा’ तेवढं तसंच होतं.

“परत आलं!” ते म्हणाले. “मागे पाठवणाऱ्याचा पत्ता घालायची माझी सवय बघा कशी कामाला आली. फोडलेलंसुद्धा नाही. अशी कोणी बाईच नसणार. उद्या ते पुस्तक रद्दीत टाक.”

प्रेमलानं त्यांच्या हातून पाकीट घेतलं. चष्मा लावला. झोपाळ्यावर जाऊन बसली आणि पाकीट फोडलं.

“परत नाही आलं,” ती म्हणाली. “पोचलं.”