आवाज थोडा खाली घेऊ?

सासरेबुवा एका खोलीत गायले, सासूबाईंनी शेजारच्या खोलीत साथीला व्हायोलिन वाजवलं आणि रेकॉर्डिंग संपेस्तोवर स्टुडिओवाल्या जावयाला घाम फुटला. सूर एकीकडे आणि सासरेबुवा भलतीकडे! मिक्सिंगला तर ते खुर्ची ओढून त्याला खेटूनच बसले.

"कसं झालंय, जावईबापू? अगदी स्पष्ट सांगा."

"आवाज भारदस्त आहे हो तुमचा," जावई म्हणाला, "पण त्यापुढे सासूबाईंचं व्हायोलिन बिचारं दबतंय. थोडा खाली घेऊ?"

"घ्या की!"

त्याने त्यांच्या आवाजाचं बटण बोटभर खाली सरकवलं. सासरेबुवांनी डोळे मिटून ऐकलं.

"अजून जरा."

असं करत करत बटण तळाला टेकलं. गाण्यातून सासरेबुवा पार गायब झाले, नुसतं व्हायोलिन उरलं. आता आपलं काही खरं नाही, म्हणून जावई मान खाली घालून बसला.

"वा! अस्संच हवं होतं," सासरेबुवा खूश होऊन म्हणाले. "चाळीस वर्षं हिच्या मागे लागलोय, एकदा एकटी वाजव म्हणून. तर म्हणते, तुम्ही गाणार असाल तरच वाजवीन. तिला इतक्यात काही बोलू नका हं. उद्या आणखी चार गाणी गायची आहेत मला."