परवान्याची हद्द

विमानतळाच्या काउंटरवरच्या मुलीने बंदुकीचा परवाना दोनदा वाचला आणि नाथाच्या पुढ्यात उघडाच ठेवला.

"काका, यात हद्द फक्त महाराष्ट्राची आहे," ती म्हणाली. "इथून बंदूक चढवली, तरी दिल्लीत उतरल्या उतरल्या तिथले पोलीस तुम्हालाच धरतील. तिथं हा कागद चालत नाही."

नाथाला हे ठाऊक होतं. फौजेतून सुटल्यापासून अकरा वर्षं तो रविराजशेठचा गनमॅन होता. शेठचा पिंपळगावला द्राक्षांचा मोठा धंदा. भांडणातून एकदा गाडीवर हल्ला झाला, तेव्हापासून नाथा आणि त्याची दुनाळी बंदूक बरोबर असल्याशिवाय शेठ कुठं जात नसत. दिल्लीची तिकिटं निघाली तेव्हाच नाथा म्हणाला होता, "परराज्यात न्यायची तर वेगळी परवानगी काढावी लागंल." शेठ म्हणाले होते, "विमानतळावर आपली ओळख आहे." नाथानेही मग पुन्हा विषय काढला नव्हता. जन्मात पहिल्यांदा विमानात बसायला मिळणार होतं.

शेठनी दोन फोन लावले. तिसरा लावता लावता घड्याळ पाहिलं आणि मोबाइल खिशात टाकला.

"काय करायचं रे आता?"

नाथाने मनाशी ठरवून ठेवलं होतं. बंदूक ड्रायव्हर किशोरच्या हाती देऊन चालणार नव्हतं. परवाना ज्याच्या नावावर, त्यानेच ती सांभाळायची.

"मी हिथं ओझरच्या पोलीस ठाण्यात जमा करतो. पावती घेतो अन् उद्याच्या विमानानं मागून येतो. आजचा दिवस तुम्ही हॉटेलातून बाहेर पडू नका, शेठ."

शेठनी त्याच्याकडे पाहिलं. चिडून नाही, खरंच न कळल्यासारखं.

"बंदुकीशिवाय तू तिथं येऊन काय करशील?"

अकरा वर्षांत नाथाने एकदाही चाप ओढला नव्हता. जे काही राखलं होतं ते डोळ्यांनी. गर्दीत कोणाचा हात उगाच खिशात आहे, कोणती मोटारसायकल दुसऱ्यांदा मागं दिसली. हे शेठना सांगावं असं त्याच्या फार मनात आलं, पण स्वतःच्या तोंडाने ते कसं सांगायचं?

"पण शेठ, एकटे जाणार?"

"दिल्लीत मला कोण ओळखतंय?" शेठ हसले. "जा तू घरी. दोन दिवस आराम कर."

त्यांनी नाथाच्या खांद्यावरून आपली बॅग घेतली. नाथाची मूठ पट्ट्यावर तशीच राहिली.

"सोड की," शेठ म्हणाले.

तपासणीच्या रांगेत शेठच्या मागं निळ्या शर्टाचा एक माणूस सारखा पुढं सरकत होता. नाथा काचेजवळून त्याच्यावर नजर ठेवून उभा राहिला. त्या माणसाला फक्त घाई होती. शेठनी दोन्ही हात वर करून अंग तपासून घेतलं, कमरेचा पट्टा बांधला आणि मोबाइल बघत बघत आत गेले. वळून पाहिलं नाही.

बाहेर किशोरने गाडी सावलीला लावली होती. नाथाने बंदुकीची पेटी मांडीवर आडवी घेतली.

"निघायचं का?" किशोरने विचारलं.

"विमान उडू दे," नाथा म्हणाला. मग बऱ्याच वेळाने त्याने बहिणीला फोन लावला. "अक्का, घरी हायेस का? येतो म्हणलं."

"आज? अन् शेठ?"

"शेठ गेले."

"अरे देवा! कधी? काय झालं?"

"तसं नाय गं. विमानानं गेले. दिल्लीला. एकलेच."

पलीकडे भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला. अक्काबाई दिंडोरीला वडिलांच्याच घरात राहायची. दोन वर्षांमागं वडिलांनी अंथरूण धरलं, तेव्हा तिने पाच दिवसांत नऊ फोन केले होते. आबा तुझंच नाव घेत्यात, तासाभरासाठी तरी येऊन जा. पिंपळगाव ते दिंडोरी अंतर ते किती. नाथाचं दर वेळी एकच उत्तर असायचं, शेठ माझ्याबिगर गेटबाहेर पाऊल टाकत नाय. ते सांगताना त्याची छाती फुगायची, हेच त्याला आता आठवत होतं. शेठकडे त्याने एकदाही सुट्टी मागितली नव्हती. तो घरी पोचला, तेव्हा माणसं राख सावडून परत येत होती.

"एकलेच गेले?" अक्काबाईने पुन्हा विचारलं.

"हां."

"म्हंजी जाता येत होतं त्यान्ला."

धावपट्टीच्या बाजूने घरघर वाढत आली आणि विमान गाडीवरून वर गेलं. किशोर वाकून काचेतून बघायला लागला. नाथाने मान वर केली नाही. आवाज पार विरून गेला तरी फोन त्याच्या कानालाच होता, आणि अक्काबाईनेही तो ठेवला नाही.