जुन्या कंपनीचं शेवटचं बिल

पहिला ठोसा बसला तेव्हा मार्टिनच्या तोंडात बटाटा होता. रसेलने तो टेबलावरून वाकूनच हाणला. ग्रेव्हीचं भांडं कलंडलं, मार्टिन खुर्चीसकट मागे गेला आणि त्याचं डोकं फ्रिजवर आपटलं. शेरिल भाजलेल्या कोंबडीचं ताट धरून तशीच उभी राहिली. एकीकडे नवरा रसेल, दुसरीकडे सख्खा भाऊ मार्टिन.

बँकेने रसेलला कर्ज नाकारलं होतं. ते भाड्याने राहत होते ते हे घर घरमालक विकायला निघाला होता आणि त्याने पहिल्यांदा रसेललाच विचारलं होतं. इंग्लंडातल्या ग्रिम्सबी गावात एवढ्या स्वस्तात पुन्हा घर मिळणं नव्हतं. अडलं कशावर, तर गॅसच्या जुन्या कंपनीच्या शेवटच्या बिलावर. फुटकळ रक्कम, पण ती थकली आणि कंपनीने बँका बघतात त्या पतनोंदीत रसेलच्या नावापुढे बुडव्या म्हणून नोंद केली. असा डाग सहा वर्षं पुसला जात नाही. आणि कंपनी बदला, स्वस्तात पडेल, हे गळी उतरवलं होतं मार्टिनने. दारोदार फिरून हेच विकायचा त्याचा धंदा.

"मेव्हणा म्हणून ऐकलं तुझं," रसेल म्हणाला. त्याने मार्टिनला गळपट्टी धरून उभं केलं. "माझं घर गिळलंस तू."

दुसरा ठोसा पोटात बसला. मार्टिन वाकला, पण त्याने हात उचलला नाही.

खरं तर मार्टिनचा यात काडीचाही दोष नव्हता. शेवटचं बिल फिटेपर्यंत खात्यातून जुन्या कंपनीला आपोआप जाणारे पैसे थांबवू नकोस, असं त्याने शेरिलला फोनवर बजावलं होतं. तिने ते दुसऱ्याच दिवशी थांबवले. नवी कंपनी आल्यावर जुनीला पैसे कशाला, असं तिला वाटलं. त्या गल्लीत निम्म्या लोकांना तसंच वाटतं. पुढे जुन्या कंपनीची पत्रं आली, ती रसेलने न उघडता कचऱ्यात टाकली. सोडून गेलेल्याला असली प्रेमपत्रं येतातच, म्हणून वर हसलाही होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

"पैसे कुणी थांबवले?" रसेलने विचारलं. आता तो शेरिलकडे बघत होता.

त्याचे हे हात शेरिलच्या ओळखीचे होते. नाताळात तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं तेव्हा जिन्यावरून घसरले असं तिने इस्पितळात सांगितलं होतं. भावालाही तेच सांगितलं होतं. मार्टिनने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि इतक्या दिवसांनी त्याला तो जिना कळला.

"मी सांगितलं तिला थांबवायला," तो म्हणाला. "तिला काय कळतंय त्यातलं."

मग रसेलने त्याला खाली पाडून लाथा घातल्या. बरगडीतून काहीतरी मोडल्यासारखा आवाज आला तेव्हा शेरिल मध्ये पडली, आणि कोपराचा तडाखा बसून भिंतीशी जाऊन आदळली. दमल्यावर रसेल थांबला. त्याने नळाखाली हात धुतले, कोंबडीची एक तंगडी तोडून घेतली आणि दार आपटून तो पबमध्ये गेला.

शेरिल गोठवलेल्या वाटाण्यांची पिशवी घेऊन भावाशेजारी फरशीवर बसली. तिला रडू आवरेना. चूक माझी, मार मात्र तुला, हेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मार्टिनने पिशवी ओठावरून बाजूला केली.

"बिल कुणाच्या नावावर होतं?"

"त्याच्याच," ती म्हणाली. "पगार माझा, पण नाव त्याचं. घराला मालक एकच असतो म्हणतो ना. गॅस, वीज, कर्जाचा अर्ज, सगळं त्याच्याच नावावर."

मार्टिन हसायला गेला आणि बरगडी धरून कळवळला.

"मग डाग त्याला लागला, शेरिल. खोली भाड्याने देताना नावावर डाग आहे का तेच बघतात. तुझं कोरं आहे."

शेरिल उठली, तिने ओव्हन बंद केला आणि घरातल्या सपाता काढून बाहेर पडायला बूट घातले.