उंचावरचे प्लगपॉइंट

घरातले सगळे प्लगपॉइंट खांद्याच्याही वर, हे कृतिकाला पहिल्या दिवसापासून खटकत होतं. मोठ्या हॉलसाठी आचोळ्यातला तळमजल्याचा फ्लॅट तिनेच घ्यायला लावला होता. "मुलांचे हात लागू नयेत म्हणून वर बसवले असतील," नवऱ्याने समजूत घातली होती. आज तिने पिंजऱ्यात अवघडून बसणाऱ्या सशांना अर्धा हॉल देऊन टाकला. जाळीचं कुंपण घातलं, चटई अंथरली, लपायला खोकी मांडली. तेवढ्यात शेजारच्या काकू घर बघायला आल्या आणि कुंपण बघून दारातच थबकल्या. "यांना जमिनीवरच ठेवणार?" "उड्या मारायला जागा नको का, काकू?" काकूंनी ताज्या रंगाच्या भिंतीवर, प्लगपॉइंटच्या वीतभर खाली, तळहात टेकवला. "गेल्या पावसाळ्यात पाणी इथवर होतं गं. कोणी बोललं नाही?" कुंपणात एक ससा मागच्या पायांवर उभा राहिला. त्याचे कान कृतिकाच्या गुडघ्यापर्यंतच पोचले.