पुढच्या रांगेत
वारलेल्या एका नर्सची आठवण म्हणून हॉस्पिटलने पदयात्रा काढली होती. जमलेली देणगी लहान मुलांच्या वॉर्डाला जाणार होती. प्रत्येकाच्या टी-शर्टवर तिचा हसरा चेहरा छापलेला होता आणि पुढच्या रांगेत तिचा नवरा चालत होता. ती बाथरूममध्ये पाय घसरून पडली आणि त्यातच गेली, असं त्याने आणि त्याच्या आईने सांगितलं होतं. लोकांनी ते मानलंही होतं. तिच्या वॉर्डातल्या मैत्रिणीला मात्र ते पटलं नव्हतं, कारण ड्युटीचे कपडे बदलताना तिच्या पाठीवरचे वळ या मैत्रिणीने पाहिले होते. चौकात यात्रा थांबली, तशी मैत्रीण गर्दीतून वाट काढत नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. "भाऊजी, तिला कशाने मारलंत?" तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "तोंड सांभाळ," तो दबक्या आवाजात म्हणाला. तिने पुन्हा तेच विचारलं. त्याची मूठ तिच्या तोंडावर बसली. ती खाली पडली. ओठ फाटला, टी-शर्टवरचा चेहरा रक्ताने भिजला. ती धडपडत उठली आणि तिने परत विचारलं. त्याने तिचे केस धरून डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं, तेव्हा कुठे लोक भानावर आले आणि चौघांनी त्याला रस्त्यावर दाबून धरलं. मागून त्याची आई आली. खाली बसून तिने मैत्रिणीचं डोकं मांडीवर घेतलं, जखमेवर रुमाल दाबला. "याला सोडू नका," ती म्हणाली. "सून ओरडत होती, तेव्हा शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून टीव्हीचा आवाज मी वाढवला होता."